एका लुगड्याचे सूत

एका नऊवारी लुगड्यास सूत किती लागत असेल, हा प्रश्न घरातील चार शहाण्या माणसांस विचारून पाहावा. कोणी शंभर वार म्हणेल, कोणी हजार. एखादा धीट गृहस्थ पाच हजारांपर्यंत जाईल. हिशेब मात्र शाळेतील मुलासही करता येण्याजोगा आहे. लुगड्याची लांबी 9 वार, पन्हा 45 इंच आणि वीण मध्यम, म्हणजे इंचास 40 उभे व 40 आडवे धागे, असे धरावे. उभे धागे 1,800 झाले व प्रत्येक धागा 9 वारांचा. म्हणजे उभे सूत 16,200 वार. आडवे धागे 12,960 आणि प्रत्येकाची लांबी सव्वा वार. तेही पुन्हा 16,200 वारच. दोहोंची बेरीज 32,400 वार, म्हणजे अठरा मैलांहून अधिक. हल्लीच्या मापाने सुमारे 30 किलोमीटर! सकाळी घरून पायी निघालेला धडधाकट मनुष्य संध्याकाळपर्यंत जेवढी वाट चालेल, तेवढे सूत एक गृहिणी अंगाभोवती गुंडाळून स्वयंपाकघरात वावरत असते.

आता हे सूत हाताने कातावयाचे आहे असे समजा. साध्या एकचातीच्या चरख्यावर सरावलेला हात तासाला तीनशे ते चारशे वार सूत काढतो. मधला आकडा घेतला तरी एका लुगड्यास नव्वदांहून अधिक तास हवेत. घरकाम उरकून रोज दोन तास बसणाऱ्या बाईस दीड महिना लागेल. आणि यात सरकी काढणे, कापूस पिंजणे व पेळू वळणे हे काम धरलेलेच नाही. उलट, तेच सूत मागावर चढले म्हणजे हातधोटा मारणारा विणकर मिनिटास चाळीस-पंचेचाळीस आडवे धागे सहज भरतो. नुसती वीण पाच तासांची. मध्ये तुटलेले धागे सांधणे, कांड्या बदलणे, पाठ मोकळी करणे धरले तरी फार तर दोन दिवस.

या दोन आकड्यांतील तफावतीत आपल्या जुन्या समाजरचनेचा एक मोठाच उलगडा आहे, असे मला वाटते. एका विणकरास पोटभर काम मिळावयाचे तर त्याच्यासाठी सात-आठ, कधी दहा कातणारणी हव्यात. म्हणून विणणे हा धंदा झाला. कोष्टी, साळी, देवांग अशा जातींनी तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. कातणे मात्र कोणा एका जातीचे झालेच नाही. एवढे सूत एखादी जात पुरवूच शकली नसती. ते घरोघरच्या बायकांनी, म्हाताऱ्यांनी, हाताला दुसरे काम नसलेल्यांनी, दळण आणि स्वयंपाक यांच्या फटीतून काढावयाचे. विणकराचे नाव राहिले, पेठ राहिली, आळी राहिली; कातणारीचे नाव कोठेच नाही.

भाषेने मात्र तिची आठवण ठेविली आहे. दोन घरांचे सूत जुळते ते विवाहाच्या बोलण्यात; खोडकर पोर वठणीवर आले की ते सुतासारखे सरळ होते; तर्कटी मनुष्य सुतावरून स्वर्ग गाठतो; आणि ज्याच्या तोंडाला विश्रांती नाही त्याची टकळी चालते. टकळी फिरताना पाहिलेल्या माणसानेच ही शेवटची उपमा बसविली असली पाहिजे. ती एकदा फिरू लागली की स्वतःच्या वजनाने फिरतच राहते आणि तिचा आवाजही बारीक, एकसुरी, न थांबणारा असतो. ज्या पोरांनी टकळी डोळ्यांनी पाहिलेली नाही ती हा वाक्प्रचार वापरतात. पण त्यांच्या लेखी तो नुसता शब्द आहे.

कातण्याची कृती दिसावयास अगदी साधी आहे. उजव्या हाताने चाक फिरवावे, माळेने चाती फिरते. डाव्या हाताच्या चिमटीत पेळू हलकासा धरून मागे ओढीत न्यावा. पेळूतून तंतू सुटतात, चातीच्या टोकावर त्यांना पीळ बसतो, आणि हात लांबेल तेवढा धागा निघतो. मग चाक किंचित उलटे फिरवून तो धागा चातीवर गुंडाळून घ्यावयाचा. एवढेच. परंतु बोटांनी किती सोडावयाचे व किती धरावयाचे, हे कोणी सांगून समजत नाही. जास्त सोडले की धागा जाडा गाठाळ होतो, कमी सोडले की तटकन तुटतो. मध्यम जाडीच्या, म्हणजे वीस अंकी सुतात दर इंचास सोळा ते अठरा पीळ लागतात. कातणारी ते मोजीत नाही; तिच्या बोटास पीळ भरल्याचे कळते. गळा तयार झालेल्या गवयास सुराची श्रुती जशी कळते, तसेच हे ज्ञान आहे, आणि ते मिळविण्यास तेवढाच काळ जातो.

सुताचा अंक म्हणजे काय, हेही येथेच सांगून टाकतो, कारण खादीच्या दुकानात हा शब्द ऐकून पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ नुसती मान डोलवितात. 840 वार सुताची एक गुंडी. अशा जितक्या गुंड्या एक पौंड वजनात बसतील तितका त्या सुताचा अंक. वीस अंकी सुताच्या वीस गुंड्या पौंडात बसतात. अंक वाढला की सूत बारीक. वर मांडलेले लुगडे वीस अंकी सुताचे केले तर त्यात दोन पौंडांस थोडा कमी, म्हणजे चांगला पावणेनऊशे ग्रॅम कापूस जाईल. सांप्रत खादीच्या व्यवहारात गुंडी हजार मीटरांची धरितात व कातणारीची मजुरी गुंडीवर मोजितात.

सूत मागावर जाण्यापूर्वी त्यावर आणखी संस्कार होतात. फाळक्यावर घेतलेले सूत उभ्या ताण्यासाठी मोजून लांब पसरतात. धान्याच्या पिठाची खळ लावून कुंचे फिरवितात, म्हणजे तंतू बसतात व धागा फणीच्या घासणीस टिकतो. या कामास पांजणी म्हणतात. त्यास लांब मोकळी जागा, कोवळे ऊन आणि चार माणसे लागतात. म्हणून विणकरांच्या आळीत सकाळच्या प्रहरी रस्ताच ताण्यांनी भरून जावयाचा. हाताच्या सुताची पांजणी तर अधिक जपून करावी लागते. गिरणीचे सूत सर्वत्र सारखे असते. हाताचे कोठे कोवळे, कोठे कणखर. जो कोष्टी हातसूत विणावयास तयार होतो त्याच्या सहनशीलतेची किंमत आपण कापडाच्या दरात क्वचितच धरितो.

आपल्या घरांतून सूतकताई गेली, असे आपण सरसकट म्हणतो. पण ती पुरती गेलेली नाही. देवघराच्या कोपऱ्यात ती अजून बसली आहे. समईच्या वाती, फुलवाती, त्रिपुरी पौर्णिमेची वात, लक्षवातीचा संकल्प, देवांची कापसाची वस्त्रे ही सर्व कामे आपल्या घरांतील वडील बायका हातानेच करीत आल्या. दुपारच्या निवांत वेळी परातीत थोडी राख घ्यावी, मांडीवर कापूस ओढावा आणि बोलता बोलता वातींचा ढीग पडावा, हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा पन्नाशीचा मनुष्य आपल्यात विरळा. कापसातून सरकी व कचरा वेचणे, तंतू ओढून एका दिशेस आणणे, बोटाने पीळ भरणे हे सर्व वातीत आहे. वात म्हणजे आखूड व जाड सूतच होय. ज्या आजीला एकसारख्या हजार वाती वळता येतात तिला चरखा शिकविण्यास आठवडाही पुरे होईल.

दुसरे ठिकाण जानव्याचे. जुन्या घरांतील वृद्ध पुरुष टकळीवर सूत काढून घरच्या मंडळींपुरती जानवी स्वतः करीत. चार बोटे एकत्र धरून त्यांभोवती सुताचे 96 वेढे घ्यावयाचे. ते सूत तिपदरी करून पीळ द्यावयाचा. मग त्याच्या तीन फेऱ्या करून ब्रह्मगाठ मारावयाची. तीन पदर, प्रत्येकात तीन तंतू, मिळून नऊ. बोटांच्या जाडीप्रमाणे याला वीसएक वार सूत पुरते. सरावाचा हात एवढे सूत टकळीवर अर्ध्या तासाच्या आत काढतो. हल्ली श्रावणीच्या आधी दुकानातून तयार जानव्यांची जुडी येते. तिच्यातील सूत बहुधा गिरणीचे असते, आणि कोणी त्याचा विचारही करीत नाही. मी यात शास्त्रार्थ काढीत नाही. तो अधिकार माझा नव्हे. मला एवढेच नवल वाटते की, ज्या वस्तूचे सर्व वेढे व पदर हाताच्या मापाने ठरले आहेत, तिला हात लावणे आपण सोडून दिले.

सोवळ्याच्या धाबळीची गोष्ट निराळी. ती लोकरीची, आणि लोकर म्हटली की आमच्या भागात धनगरांकडे जावे लागते. मेंढराची पहिली कातरण, तिला जावळ म्हणतात, सर्वांत मऊ असते. त्या जावळाची घोंगडी अंगाला टोचत नाही. धनगर बायका लोकर पिंजून कातीत, खड्ड्याच्या मागावर पट्ट्या विणल्या जात, आणि खळ असे चिंचोक्यांची. ही घोंगडी पावसात पाणी धरीत नाही, थंडीत ऊब देते, आणि मोडक्या खाटेवर अंथरली तरी तिचा मान कमी होत नाही. बाजारात यंत्राचे स्वस्त ब्लँकेट आले, चराऊ राने घटली, आणि ही कताईही हातांतून निसटत चालली आहे.

निलंग्यात बसून सुताविषयी लिहिताना तेरची आठवण न होणे अशक्य. आमचा तालुका मांजरा आणि तेरणा यांच्या खोऱ्यातला. आणि याच तेरणेच्या काठी, वरच्या अंगास, धाराशिव जिल्ह्यात तेर हे गाव आहे. त्याचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले ‘पेरिप्लस’ नावाचे एक व्यापारी प्रवासपुस्तक आहे. त्याच्या अनामिक कर्त्याने लिहून ठेविले आहे की, भडोचच्या बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर. तगराहून साधे कापड पुष्कळ आणि तलम मलमली कापडे नाना प्रकारची, रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर भडोचला येतात. तो माल तेथून जहाजांवर चढून रोमी साम्राज्यात जाई. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी व्यापाऱ्याला आमच्या या काळ्या मातीची ओळख पटली ती कापडावरून. आणि त्या कापडाचा प्रत्येक वार, वरच्या हिशेबाप्रमाणे, तेरणेच्या खोऱ्यातील कोणा ना कोणा बाईच्या चिमटीतून निघालेला होता.

पुढच्या काळात नांदेडची मलमल व जरीकाठी उपरणी नावाजलेली होती. ही प्रसिद्धी हवेतून आलेली नव्हे. नांदेड-परभणीकडे गावरानी नावाचा देशी कापूस पिकत असे. देशी जातींच्या मानाने त्याचा तंतू लांब, म्हणून त्याचे सूत बारीक निघे. अमेरिकन जातीच्या कापसाने त्याला शेतातून हळूहळू हुसकून लाविले. 1980 च्या दशकात नांदेडच्याच संशोधन केंद्राचा ‘नांदेड-44’ हा संकर गावोगाव पसरला, आणि 2002 नंतर बीटी वाण आले. लातूर-निलंग्याकडे तर आता कापूसच मागे पडला आहे. जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन आणि तूर. शेतकऱ्याने काय पेरावे हे बाजार ठरवितो, त्यास दोष देण्यात अर्थ नाही. तथापि आपल्या अंगावरच्या कापडाचा एकही तंतू आपल्या शिवारातला नाही, हे एकदा मनाशी नोंदवून ठेवावे.

इंग्लंडात कातण्याची यंत्रे निघाली ती 1760 च्या दशकात, आणि मुंबईस पहिल्या कापडगिरणीची उभारणी 1854 साली सुरू झाली. यंत्राने प्रथम घाव घातला तो कातणारीवर, विणकरावर नव्हे. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जेथे नव्वद तास लागत होते तेथेच यंत्राचा लाभ अधिक. विणकर तगला, कारण त्याने गिरणीचे सूत स्वीकारले. आजही हातमागाचे म्हणून जे सुंदर सुती कापड आपण घेतो त्यातील बहुतेकांत सूत गिरणीचेच असते. हातमाग व खादी हे दोन शब्द समानार्थी नव्हेत: खादीत सूतही हाताचे हवे आणि वीणही हाताची हवी.

स्वदेशी सुताचा विचार महाराष्ट्रात गांधीजींच्या पुष्कळ आधी झालेला आहे. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणत, त्यांनी 1872 सालीच खादीचे व्रत घेतले. ते स्वतः सूत कातीत. 1877 च्या दिल्ली दरबारास पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने ते गेले ते जाड्याभरड्या खादीच्या पोशाखात. राजेरजवाड्यांच्या किनखापांत तो पोशाख कसा दिसला असेल, याची कल्पनाच करावी. वकिलीचा धंदा करणारा, पैशाला कमी नसलेला ब्राह्मण गृहस्थ टकळी हातात धरतो, ही गोष्ट त्या काळच्या पुण्यास विक्षिप्तपणाची वाटली असल्यास नवल नाही. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी गांधीजी चरखा शोधू लागले तेव्हा त्यांस तो सहजी सापडेना. आत्मकथेत त्यांनीच सांगितले आहे की, गंगाबेन मजुमदार यांनी बडोदे संस्थानातील विजापुरास तो अखेर शोधून काढला; लोकांनी तो माळ्यावर टाकून दिलेला होता. एवढ्या अल्पावधीत एवढी सार्वत्रिक विद्या माळ्यावर जाते!

आमच्या मुलखात खादी आली ती निजामी अमलात, आणि ती आली तेव्हा तिच्याबरोबर धोकाही आला. 1938 च्या स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहापासून खादीची टोपी ही हैदराबाद संस्थानात राजकीय खूणच होऊन बसली. स्वामी रामानंद तीर्थ व त्यांचे सहकारी यांनी शाळा चालविल्या, तुरुंग भोगले आणि खादीचे कामही रुजविले. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले. 1956 साली निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात आले. त्या पिढीने लावलेल्या रोपट्याचे जे झाड आज उभे आहे ते नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती होय.

या समितीच्या एका कामाविषयी आमच्या जिल्ह्यातील मुलांना जितके ठाऊक असावयास हवे तितके नाही. देशात शासकीय प्रमाणाचा खादीचा राष्ट्रध्वज तयार करणारी ठिकाणे मोजकीच आहेत; हुबळीजवळच्या बेंगेरी येथील संघ त्यांत प्रसिद्ध आहे, आणि नांदेड हे दुसरे. ध्वजाचे कापड विणले जाते ते लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे. तेथून ते धुण्या-रंगविण्यासाठी अहमदाबादेस जाते; मग नांदेडला परत येऊन कापणी, शिवण, चक्राची छपाई, दोरी आणि खुंटी असे सोपस्कार होतात. ध्वजाच्या कापडाची कसोटी कठीण असते. भारतीय मानकांच्या यादीत पहिल्या क्रमांकाचे मानक आहे ते राष्ट्रध्वजाचेच, 1951 सालचे. त्यात सुताची जाडी, वीण, वजन, रंगाचा पक्केपणा, सर्व ठरवून दिलेले आहे. सांध्याची एक चूक, रंगाची एक छटा, आणि कापड बाद. हाताच्या सुताला गिरणीची शिस्त लावावयाची, असा हा दुहेरी खटाटोप आहे. उदगीरचा विणकर तो करितो.

1931 च्या तिरंग्यावर मध्यभागी चरखा होता. 22 जुलै 1947 रोजी घटना समितीने ध्वज स्वीकारिला तेव्हा चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचे चक्र आले. चित्र गेले, पण वस्तू राहिली: ध्वज हातच्या सुताचा व हातच्या विणीचा असावा हा दंडक पुढे पाऊणशे वर्षे चालला. 30 डिसेंबर 2021 रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर केलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजासही मुभा मिळाली. घरोघर ध्वज पोहोचवावयाचा तर तो स्वस्त हवा, आणि एवढे हातसूत देशात कोठून आणावयाचे, असा या दुरुस्तीच्या बाजूचा युक्तिवाद आहे. तो पोकळ नाही. लुगड्याचा हिशेब ज्याने केला आहे त्यास तो पटकन समजेल. परंतु ज्या थोड्या कातणारणी आणि विणकर या एका वस्तूवर तगून होते, त्यांच्या ताटातील घास त्या दिवशी स्पर्धेला लागला, हेही तितकेच खरे. प्रत्येक ध्वज खादीचा असू शकत नाही, हे मान्य. शाळा, महाविद्यालये, नगरपालिका, बँका, सहकारी संस्था यांच्या इमारतींवरचा ध्वज मात्र खादीचा असण्यास कोणाची हरकत आहे? तो वर्षातून किती लागतो? या संस्थांच्या कार्यकारी मंडळांवर आपल्यापैकीच माणसे बसतात.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. मंदगतीच्या हस्तव्यवसायांचे गोडवे गाणारे लेख हल्ली पुष्कळ येतात. चरख्यापाशी मन शांत होते, श्वास लयीत येतो, काळाचे भान हरपते, असे त्यांत असते. हे खोटे नव्हे. परंतु ज्या बाईला गुंडीवर मजुरी मिळते तिला काळाचे भान हरपून चालत नाही. साध्या चरख्यावर हजार मीटरांच्या गुंडीस तीन तास लागतात. गुंडीचा दर काहीही धरा आणि तीन तासांच्या शेतमजुरीशी ताडून पाहा. म्हणूनच 1950 च्या दशकापासून तामिळनाडूच्या एकांबरनाथांचा अनेक चात्यांचा अंबर चरखा पसरला, व पेळूही यंत्रावर तयार होऊन येऊ लागले. खादीच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या काहींना ते खटकले. मला खटकत नाही. कातणारीच्या पदरात चार पैसे अधिक पडत असतील तर चाती एक असो वा आठ.

रवींद्रनाथांनी 1925 साली चरख्याच्या पंथावर टीका केली, ती याच अंगाने वाचावी. एकच हालचाल जन्मभर करावयास लाविली तर माणसाचे मन यंत्र होते, असा त्यांचा आक्षेप होता. गांधीजींनी त्यास त्याच वर्षी उत्तर दिले; उपाशी माणसापुढे काव्य नव्हे, काम ठेवावे लागते, असा त्याचा आशय. शंभर वर्षांनंतर मला असे दिसते की, दोघे दोन निरनिराळ्या कातणारणींविषयी बोलत होते. जिला कातल्यावाचून गत्यंतर नाही तिच्या बाबतीत प्रश्न मजुरीचा आहे, मनःशांतीचा नव्हे. जिला पोटासाठी कातावयाचे नाही तिने मात्र अवश्य कातावे, आणि त्यातून जी शांती मिळेल ती खुशाल घ्यावी. पण तिचे पुण्य दुसरीच्या बोटांवर जमा धरू नये. सावकाशीचे कौतुक आपणच करावयाचे आणि सावकाशीचा तोटा तिने सोसावयाचा, ही वाटणी न्यायाची नाही. खादी महाग आहे म्हणून कुरकुरणाऱ्याने तेवढे लुगड्याचे गणित पुन्हा एकदा मांडून पाहावे.

घरात ज्यांना प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांनी चरख्याच्या भानगडीत प्रथम पडू नये, टकळी बरी. पितळेची वा लोखंडाची तार आणि खाली चकती, एवढेच तिचे शरीर. खिशात मावते, मोडत नाही. कापूस शक्यतो आखूड धाग्याच्या गादीचा घेऊ नये, लांब धाग्याचा घ्यावा. वाती वळणाऱ्या आजीकडून पेळू करून घ्यावेत. त्या कामात तिच्यापुढे कोणताही पदवीधर टिकावयाचा नाही. पहिले तीन दिवस धागा तुटेल. चौथ्या दिवशी तो गाठाळ का होईना, हातभर निघेल. मुलांना हे काम फार आवडते, आणि वार मोजावयाचे असल्याने गुणाकारही आपोआप होतो. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही सारखेच बसवावे. जुन्या घरांत टकळी पुरुषांच्या हाती होतीच, तेव्हा यात कोणी कमीपणा मानण्याचे कारण नाही.

एक सूचना राहिली. काढलेले सूत कच्चेच वापरले तर सुटल्याबरोबर आढे पडून गुंता होतो. ते फाळक्यावर, नसेल तर पाटाच्या दोन टोकांवर ताणून गुंडाळावे, पाण्याचा हबका मारावा आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी पीळ बसलेला असतो. श्रावणीस अवकाश असेल तर घरातल्या पाच जानव्यांपुरते, म्हणजे शंभर वार सूत, तोवर कोणाचेही निघेल. पहिले जानवे ओबडधोबड होईल आणि कदाचित वर्ष काढणारही नाही. जे टिकेल त्याच्या शेजारी दुकानातले ठेवून दोन्ही बोटांनी चाचपून पाहावीत.